बॅटच्या पोटातलं कळायला लागलं तर जुन्या बाजाराचं काय होईल?

सोलापुरात सेकंडहँड बॅट घ्यायला मोबाइल उघडला की साधारण असं दिसतं. दोन बॅटी, दोन्ही म्हणे इंग्लिश विलोच्या, म्हणजे महागड्या लाकडाच्या, दोन्हींवर मोठ्या कंपनीचं स्टिकर, दोन्ही 'एकच सीझन वापरलेल्या'. एक जण सहा हजार मागतोय, दुसरा साडेतीन. स्वस्त कुठली ते लगेच कळतं. चांगली कुठली ते कळत नाही. साडेतीनवाली बॅट एखाद्या पोराची असेल, ज्याला पुण्यात नोकरी लागली आहे आणि सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडायची आहे. किंवा तिचा टो, म्हणजे पात्याचं खालचं टोक, आतून फुटलेला असेल, त्यात गोंद भरून, पॉलिश पेपर मारून, वर नवी फेस शीट, म्हणजे पात्यावरची पारदर्शक पट्टी, चढवलेली असेल. फोटोत दोन्ही सारख्याच चकाकतात.

आता समजा, उद्या असं एखादं मशीन किंवा मोबाइलचं ॲप आलं, जे बॅटला चार टिचक्या मारून सांगेल की ही आतून ठणठणीत आहे की गेलेली. कुणालाही वाटेल, बरं झालं, फसवणूक थांबली. अर्थशास्त्र मात्र जरा वेगळं सांगतं. असं मशीन कधी बंद पडलेला बाजार उघडतं, कधी नुसतेच पैसे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात टाकतं. कुठे काय होईल हे मशीन येण्याआधी बाजार कसा होता यावर ठरतं.

हिशोब करून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते.

या मोसमात १०० जुन्या बॅटी विकायच्या आहेत. ५० ठणठणीत, ५० आतून गेलेल्या. ठणठणीत बॅटला गिऱ्हाईक ६,००० रुपये द्यायला तयार आहे. गेलेल्या बॅटला १,०००, गल्लीत टेनिस बॉलवर चालून जाईल म्हणून. चांगल्या बॅटचा मालक ४,५०० च्या खाली हात लावू देणार नाही, 'त्यापेक्षा धाकट्या भावाला देतो' म्हणेल. गेलेल्या बॅटच्या मालकाला ५०० मिळाले तरी चालतील. गिऱ्हाइकाला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव काढतो. सहा हजारांची बॅट मिळण्याची शक्यता निम्मी, हजाराची मिळण्याची निम्मी, म्हणजे सरासरी ३,५००. या भावाला चांगल्या बॅटचा मालक बॅट परत कव्हरमध्ये घालून घरी जातो. बाजारात उरतात त्या फक्त गेलेल्या पन्नास. गिऱ्हाइकांच्या हे लवकरच लक्षात येतं आणि भाव हजारावर येऊन टेकतो.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते हेच. यात कुणी खोटं बोललंच पाहिजे असंही नाही. पन्नास जणांना चांगली बॅट विकायची होती, पन्नास जणांना ती घ्यायची होती, दोघांनाही परवडेल असा भाव साडेचार ते सहा हजारांच्या मध्ये पडून होता, तरी एकही सौदा झाला नाही. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हे १९७० साली मांडलं. छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी तो लेख नाकारला होता. त्यात फार काही नाही, हे तर सगळ्यांना माहीतच आहे, असाही एक सूर होता. २००१ साली याच विषयावरच्या कामासाठी त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

पण प्रत्यक्षात सोलापुरातला जुन्या बॅटींचा व्यवहार काही असा ठप्प नाही. त्याचं कारण म्हणजे ओळखपाळख. पार्क मैदानावर (कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियम, पण तसं म्हणतो कोण) खेळणाऱ्या पोरांना कुठली बॅट कुणाची, तो सीझन बॉलवर (चामड्याच्या चेंडूवर) किती खेळला, पावसात भिजलेल्या मैदानावर बॅट आपटत किती वेळ उभा होता, हे बहुतेक ठाऊक असतं. भारताचे माजी कर्णधार पॉली उम्रीगर लहानपणी ज्या गावात वाढले त्या गावात क्रिकेटच्या खबरी पसरायला मोबाइल लागत नाही. जो खराब माल गळ्यात मारेल तो पुढच्या रविवारी त्याच मैदानावर भेटणार आहे, हीच मोठी हमी.

दुसरी हमी म्हणजे बॅट दुरुस्त करणाऱ्यांचा कान. असे एक अण्णा मी काम करताना पाहिलेत. बॅट हातात आली की आधी ग्रिप दोन बोटं वर सरकवतात आणि हँडल पात्यात जिथे इंग्रजी व्ही आकारात बसतं तो सांधा बघतात. मग टो जमिनीला न लावता बॅट लोंबती धरून लाकडी हातोडीने खालून वर टिचक्या मारत जातात, दर दोन बोटांवर एक. टण, टण, टण, आणि मधेच एक थप.

"हितं बघ, आवाज बसतोय."

"अण्णा, वरनं तर काहीच नाही की ओ."

"वरनं काय असतंय? वरनं सगळंच नवं असतंय."

अण्णांना ऐकू येतं त्यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. लाकडाला ठोकलं की ते थरथरतं. अखंड लाकूड ताठ असतं, त्यामुळे थरथर वेगाने होते, सूर वरचा लागतो आणि तो जरा वेळ टिकतो. आत भेग असेल तर त्या जागी ताठरपणा कमी होतो. सूर उतरतो, शिवाय भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासून ती हालचाल मारून टाकतात, म्हणून आवाज लगेच मरतो. मोबाइलचा माइक हा आवाज टिपू शकतो, आणि त्यात कुठले सूर किती आहेत हे वेगळं करणारं गणित आज साध्या फोनलाही जमतं. अडचण पुढेच आहे. प्रत्येक बॅटचा सूर मुळातच वेगळा. विलो हे झाड आहे, साच्यातून काढलेला माल नाही. वजन, जाडी, लाकूड किती दाबलंय, हँडल वेताचं कसं आहे, सगळ्याने सूर बदलतो. नव्या असताना त्या बॅटचा आवाज कसा होता याची नोंद कुणाकडे नसते. त्यामुळे मशीनला एक तर हजारो बॅटी ऐकवून, त्यातल्या काही प्रत्यक्ष फोडून, 'असा आवाज म्हणजे अशी भेग' हे शिकवावं लागेल, नाहीतर अण्णांसारखं त्याच बॅटच्या एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करावी लागेल.

दुसरी रीत अल्ट्रासाउंडची. ध्वनिलहर एका कडेने सोडायची आणि दुसऱ्या कडेला किती वेळात पोचते ते मोजायचं. मधे भेगेतली हवा आली की लहर उलटी फिरते किंवा वळसा घालून उशिरा पोचते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये याहून स्वच्छ दिसेल, पण सहा हजारांच्या बॅटसाठी तो खर्च कोण करतो? फोटो बघून ग्रेन, म्हणजे लाकडावरच्या उभ्या रेषा, मोजणारं ॲप सगळ्यात स्वस्त पडेल आणि सगळ्यात कमी कामाचं. बॅटची ग्रेड मुख्यतः दिसण्यावर ठरते. सरळ, मोजून घेता येतील असे ग्रेन म्हणजे स्ट्रोक, चेंडूला बॅटवरून मिळणारा जोर, चांगला असेलच असं नाही, आणि पॉलिश पेपर मारलेल्या बॅटचा फोटो तर छानच येतो.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र आजही मिळतं. दोन सुया लाकडात टोचायच्या आणि विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून ओलावा काढायचा. बॅटच्या लाकडात साधारण १० ते १२ टक्के ओलावा ठीक मानतात. पण लाकूड आजूबाजूच्या हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा खडखडीत कोरडी होते, तेव्हा हीच बॅट या पातळीच्या बरीच खाली उतरू शकते. ऑगस्टमध्ये तीच पुन्हा वर येते. त्यामुळे तपासणीच्या कागदावर महिना नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आणि सुयांची दोन भोकं राहतात ती वेगळीच.

आता मशीन आलंय असं धरून परत हिशोबाकडे जाऊ. तपासणीला २०० रुपये लागतात आणि सध्यापुरतं मशीन कधीच चुकत नाही असं मानू.

निम्म्या-निम्म्या बाजारात चांगल्या बॅटचा मालक २०० रुपये खर्चून कागद घेतो आणि ६,००० ला विकतो. त्याच्या ४,५०० च्या अटीपेक्षा १,३०० जास्त सुटले. असे पन्नास सौदे म्हणजे ६५,००० रुपयांचा फायदा, जो आधी हवेत विरत होता. गेलेल्या बॅटवाल्याचं काही बिघडत नाही. त्याला आधीही हजारच मिळत होते. त्याला तपासणीही करावी लागत नाही. तपासलेल्या बॅटी कागदासह समोर आल्या की बिनकागदाची बॅट म्हणजे कुठली, हे गिऱ्हाईक आपोआप समजतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मूठ उघडायला खर्च येत होता तोवर. दोनशे रुपयांत उघडता येत असताना जो उघडत नाही, त्याच्या मुठीचा भाव सगळ्यांना कळतो.

हे झालं ऑनलाइन, अनोळखी लोकांच्या बाजाराचं. मैदानावरच्या ओळखीच्या बाजारात चित्र वेगळं आहे. तिथे खराब माल कमीच येतो. १०० मध्ये ८० चांगल्या, २० गेलेल्या धरा. मधला भाव निघतो ५,०००, म्हणजे साडेचारच्या वर. त्यामुळे मशीन नसतानाही चांगल्या बॅटी विकल्या जातात. सगळ्याच्या सगळ्या १०० विकल्या जातात. आता या बाजारात मशीन आणा. चांगल्या बॅटवाल्याला ६,००० वजा २०० म्हणजे ५,८०० मिळाले, आधीपेक्षा ८०० जास्त. ऐंशी जणांचे मिळून ६४,०००. गेलेल्या बॅटवाल्याला ५,००० ऐवजी १,००० मिळाले, ४,००० कमी. वीस जणांचे मिळून ८०,०००. गिऱ्हाइकाचं सरासरीने होतं तेच. एक कमावतो ६४, दुसरा गमावतो ८०. मधले १६,००० गेले कुठे? ८० तपासण्यांचे प्रत्येकी २००. मशीनवाल्याने नेले. बॅटी आधी जेवढ्या विकल्या जात होत्या तेवढ्याच आताही विकल्या गेल्या.

यावर कुणी म्हणेल, मग अशा बाजारात मशीन वापरूच नका. पण थांबायचं कुणी? प्रत्येक चांगल्या बॅटवाल्याला कागद घेतला की जास्तीचे पैसे दिसतात. काहींनी घेतला की उरलेल्या बिनकागदी ढिगात गेलेल्या बॅटींचं प्रमाण वाढतं, त्या ढिगाचा भाव उतरतो, मग बाकीच्यांनाही घ्यावाच लागतो. आणि ते वीस जण लबाडच असतील असं कशावरून? आपल्या बॅटला आत भेग आहे हे त्यातल्या निम्म्या पोरांना ठाऊकही नसेल. वडिलांनी घेऊन दिलेली बॅट विकून शूज घ्यायचे, एवढाच त्यांचा बेत असतो.

तिकडे लबाडांना मिळणारे चार हजार जास्तीचेच होते, ते गेले तर बरंच झालं, असं म्हणणारा न्यायाचा मुद्दा मांडतोय आणि तो मला पटतो. फक्त त्याला 'बाजार वाढला' म्हणू नये.

आता चुकणारं मशीन घेऊ, कारण न चुकणारं मशीन कुठेच नसतं. समजा, चांगल्या बॅटीला ते दहातल्या नऊ वेळा पास करतं, आणि गेलेल्या बॅटीलाही दहातल्या दोन वेळा चुकून पास करतं. निम्म्या-निम्म्या बाजारात पास झालेल्या बॅटी किती? ४५ चांगल्या आणि १० गेलेल्या. अशा पास बॅटची सरासरी किंमत साधारण ५,०९० निघते. साडेचारच्या वर आहे, म्हणजे बाजार चालतो. पाच चांगल्या बॅटी नाहक नापास होऊन घरी जातात, तेवढं सोसावं लागतं. एकूण काय, अर्धवट शहाणं मशीनही पुरतं.

फक्त एका अटीवर. प्रत्येक बॅट एकदाच तपासली गेली पाहिजे. गेलेल्या बॅटचा मालक नापास झाल्यावर गप्प का बसेल? आणखी २०० टाकून दुसऱ्या दुकानात जाईल, मग तिसऱ्या. पास झाला तर हजाराचे पाच हजार होतात. दर वेळी चूक नव्याने होत असेल, तर तीन प्रयत्नांत गेलेल्या पन्नासपैकी जवळपास २४ बॅटी पास होतात. तीन प्रयत्नांत चांगल्या तर जवळजवळ सगळ्याच पास होतात. आता पास बॅटींच्या ढिगात ५० चांगल्या, २४ गेलेल्या. सरासरी किंमत साधारण ४,३८०. साडेचारच्या खाली! चांगल्या बॅटचे मालक पुन्हा घरी, बाजार पुन्हा ठप्प, आणि मशीन मात्र तेच, तेवढंच अचूक.

म्हणून मशीनच्या अचूकतेची जाहिरात ऐकताना विचारायचा प्रश्न हा की नापास झालेल्या बॅटची नोंद कुठे राहते का. नोंद ठेवायची तर बॅट ओळखता यायला हवी, म्हणजे हँडलमध्ये किंवा ग्रिपखाली चिप, नाहीतर पात्यावर कोरलेला नंबर. स्टिकरवरचा क्यूआर कोड चालणार नाही, कारण स्टिकर बदलणं हीच तर या धंद्यातली जुनी हातचलाखी आहे. स्वस्तातल्या काश्मीर विलोला इंग्लिश विलोचं स्टिकर लावणारा खोटा क्यूआर कोडही लावेल.

दुधाचं बघा. दूध नुसतं लिटरवर विकलं जायचं तेव्हा पाणी घालणं परवडायचं. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजून दर द्यायला लागल्यावर नुसतं पाणी घालून भागेना, चांगलं दूध घालणाऱ्याला चांगला दर मिळू लागला. हा मोठाच फायदा. पण त्यापाठोपाठ एसएनएफचा आकडा फुगवायला युरिया आला आणि फॅटचा आकडा फुगवायला खाद्यतेल. जे मोजलं जातं ते सुधारतं, किंवा सुधारल्यासारखं दिसतं. आणि मशीन संकलन केंद्राचं असल्यामुळे 'पॉइंट मारला', म्हणजे आकडा मुद्दाम कमी दाखवला, ही शेतकऱ्याची तक्रार गावोगाव ऐकू येते. खरी किती, खोटी किती हा भाग वेगळा. मोजणारा आणि घेणारा एकच असला की शंका राहणारच.

बॅटीच्या बाजारातही हे दोन्ही होईल. मशीन आवाजावर चालतं हे कळलं की आवाज सुधारणारे कारागीर तयार होतील; पाठीमागून थोडं लाकूड काढलं, वजन हलवलं की सूर बदलतो. बॅटचा स्ट्रोक मात्र सुधारणार नाही. आणि मशीन जुन्या बॅटी विकत घेणाऱ्या दुकानदाराचं असेल, तर घेताना त्याचं मशीन कडक आणि विकताना मवाळ होण्याची भीती आहे. अण्णांसारखा माणूस, जो बॅटी विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, त्याच्या हातात मशीन असणं जास्त बरं. त्याचा कान स्वस्त होईल हे खरं. पण मशीन फक्त 'नापास' म्हणेल. भेग बांधून, गोंद भरून, टेप मारून ती बॅट अजून एक सीझन कशी चालवायची हे अण्णाच सांगतील. उलट नापास बॅटींची संख्या उघड झाली की त्यांच्याकडचं काम वाढेलही.

नव्या मालाच्या दुकानांवरही परिणाम होईल. महागडी बॅट दोन वर्षांनी कागदासह चांगल्या किमतीला जाणार हे माहीत असेल, तर ती घेताना हात जरा सैल सुटतो. नीट नॉकिंग करणं (नवी बॅट हातोडीने ठोकून खेळण्याजोगी करणं), तेल लावणं, पावसात न नेणं यालाही पैशात मोल येतं, कारण काळजी घेतलेली बॅट आता सिद्ध करता येते. मार खाईल ती दोन-तीन हजारांची नवी काश्मीर विलो. आधी 'जुन्यात फसण्यापेक्षा साधी नवी बरी' म्हणून ती खपायची. आणखी एक होईल, ज्याची मला थोडी चुटपुट लागते. कागद असला की सोलापूरची बॅट पुण्याचा अनोळखी माणूसही घेऊ शकतो. विकणाऱ्याला भाव चांगला मिळेल, पण मैदानावर ओळखीतून कमी भावात मिळून जाणारी चांगली बॅट तशी मिळणार नाही. ज्याच्याकडे ओळख जास्त आणि पैसे कमी, अशा पोराचं यात नुकसान आहे.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. कार्बनच्या बॅडमिंटन रॅकेटमध्ये रंगाखाली केसाएवढी चीर असते आणि ती नवी गट (जाळीची तार) ताणून बसवताना फ्रेमसकट जाते. तिथे असं तपासणीयंत्र खरंच उपयोगी पडेल. ट्रेडमिल किती तास चालली हे मशीनमध्येच मोजून ठेवता येतं. हेल्मेटचा मामला मात्र वेगळा आहे. सायकलच्या हेल्मेटमधला फोम एकच मोठा आघात झेलण्यासाठी असतो. तो दबला की परत फुगत नाही आणि बाहेरचं कवच तसंच गुळगुळीत राहतं. क्रिकेटच्या हेल्मेटवरही जोराचा चेंडू बसला की ते बदला, असंच बनवणारे सांगतात. गेलेल्या बॅटची किंमत निदान हजार तरी आहे. गेलेल्या हेल्मेटची शून्यही नाही, ती उणे आहे. दहात दोनदा चुकणारं मशीन तिथे काही कामाचं नाही. हेल्मेट जुनं घेऊ नये, मशीनने पास केलेलंही. पॅड आणि ग्लोव्ह्ज खुशाल घ्यावेत, ते डोळ्यांना कळतात, आणि डोळ्यांच्या आधी नाकाला.